बोडकी आणि सवाशीण

"डावीकडची बोडकी, उजवीकडची सवाशीण," मी म्हणाले आणि पुन्हा सुपातले तांदूळ पाखडायला लागले.

बर्वे मास्तर बशीवर वाकले. चिनीमातीच्या पांढऱ्या बशीत त्यांनी दोन मेलेल्या मुंग्या ठेवल्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मास्तरांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केलीच नाही. माझा थोरला दत्तू चौकटीला टेकून उभा होता. माझ्या जावेचा मुलगा नामा ओसरीच्या पायरीवर बसून आमच्याच चुलीवरची भाकरी खात होता. आमची घरं भिंतीला भिंत लागून, पण नामाला माझ्याच हातची भाकरी आवडायची. तुळसा, त्याची आई, त्यावरून मला टोमणे मारायची. मी परत मारायची. असं आमचं चालायचं.

"बरोबर," मास्तर शेवटी म्हणाले. "आक्का, अहो, दोन्हींच्या कामकरी मुंग्या इतक्या सारख्या असतात की मला भिंग लागतं, वर पुस्तक उघडावं लागतं. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी, इतक्या लांबून सांगितलंत."

"पुस्तकानंच डोळे जातात, मास्तर. मला दुसरीतनं काढलं शाळेतनं, म्हणून माझे शाबूत राहिले."

"काकू, मास्तरांकडनं फी घे," नामा म्हणाला. "कॉलेजात शिकवायला जा. आम्ही भाकऱ्या आमच्या आमच्या थापू."

"तू आधी खाल्लेली थाळी धुवायला शीक," मी म्हणाले. तो हसला. तो हसायला लागला की त्याचे खांदे हलायचे.

मास्तर कोल्हापूरच्या कॉलेजातले. मुंग्या गोळा करायला आठवडाभर आमच्या घरी उतरले होते. छोट्या बाटल्यांत स्पिरिट घालून त्यात मुंग्या ठेवायचे आणि वर चिठ्ठी चिकटवायचे. गावानं त्यांना पहिल्याच दिवशी मुंगीमास्तर करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना सांगितलं की, चंपाक्काला विचारा, डोंगरावरची एकूण एक मुंगी तिला नावानिशी ठाऊक आहे. म्हणून ती बशी.

नावं माझी नव्हेत, माझ्या सासूची. काजूच्या आणि ऐनाच्या वाळक्या खोडात दोन मुंग्या राहतात. दोन्ही सडपातळ, दोन्ही लगबगीच्या. एक सगळीच काळी. अंगावर कुठे रंगाचा ठिपका नाही, म्हणून ती बोडकी. अंगावर चढली तर गुदगुल्या करते, फार तर चिमटा काढते. दुसरीचं डोकं काळं, मागचा भाग काळा, पण मधे कंबरेला कुंकवाच्या कणाएवढा तांबडा पट्टा. ती सवाशीण. तिच्या मागच्या टोकाला नांगी असते. एक चावली तर घटकाभर हात भाजतो. सासू म्हणायची, "बोडकीला हाकल, सवाशिणीला वाट दे." मी लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून हसले होते. मीच बोडकी झाले तेव्हा त्यातलं हसू गेलं, पण शहाणपण राहिलं.

आमच्या घराची आणखी एक रीत होती. काजूच्या बागेत वरच्या अंगाला एक म्हातारं झाड होतं, पोकळ. बागेत चोर सापडला की त्याला त्या झाडाला भेटवायचं. म्हणजे खोडाला मिठी मारायला लावायची, दोन्ही मनगटं पलीकडनं दोरीनं बांधायची, आणि कोयत्याच्या पाठीनं खोडाचं दार वाजवायचं. आत बोडक्यांची वस्ती. त्या बाहेर यायच्या आणि चोराच्या अंगावर फिरायच्या. तोवर घरातली थोरली बाई समोरच्या दगडावर बसून एक विडा लावायची आणि चावायची. विडा थुंकला की सोडायचं. माझ्या सासूनं तिघांना भेटवलं, मी दोघांना. लोक ओरडायचे, नाचायचे, आयांची नावं घ्यायचे आणि विडा संपला की खालमानेनं घरी जायचे. फौजदाराला कधी बोलवावं लागलं नाही. त्या झाडाची मी दर वर्षी फाल्गुनात पाहणी करायची, आत बोडकीच आहे ना म्हणून.

त्या वर्षीही केली होती. असं मी सगळ्यांना सांगितलं.

बशीच्या गोष्टीनंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, मी बागेत झाडाखाली पडलेल्या बोंडांच्या बिया वेगळ्या करणाऱ्या बायांजवळ बसले होते. ऊन असं की दगडावर हात ठेववत नव्हता. दत्तू वरनं नामाला बखोटीला धरून घेऊन आला. दुसऱ्या हातात बियांचं पोतं.

"बांधावरच्या झाडाखाली गोळा करत होता," दत्तू म्हणाला. "सांगितलं तर ऐकंना. म्हणतो, झाड आमचं हाय."

"आमचंच हाय," नामा म्हणाला. "बांधाच्या आमच्या अंगाला हाय ते. आबांनी लावल्यालं. काकू, तूच सांग."

मी सूप बाजूला ठेवलं. "ते झाड माझ्या बांधात आहे. तुझ्या आजोबानं बांधाचा दगड रोवला तेव्हा मी होते इथं. तू नव्हतास."

"मग चल की वर. दगड बघू."

"मी कशाला बघायला येऊ? माझ्या जमिनीची मला खबर आहे."

नामानं माझ्याकडे पाहिलं. चार बाया हात थांबवून बसल्या होत्या. तो चिडलेला होता, दत्तूनं त्याचा सदरा फाडला होता, गालावर ओरखडा होता. तरुण पोर, चारचौघांत बखोटीला धरून आणलेलं. त्याच्या तोंडून निघून गेलं.

"खबर कुठनं असंल? तुला दगड दिसतो तरी का काकू आता? परवा माझ्या आयशीला तू मागनं सुशी म्हणून हाक मारलीस."

सुशी माझी सून. एक बाई फिस्सकन हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला.

माझ्या कानांतून धग निघाली. मी नवऱ्याच्या मागं सोळा वर्षं ही बाग राखली होती. तलाठ्याला, दिरांना, रानडुकरांना, सगळ्यांना पुरून उरले होते. माझ्यासमोर गावातला पाटील आवाज चढवत नसे.

"दत्तू," मी म्हणाले, "ह्याला भेटव."

दत्तूनं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आई, नामा हाय."

"चोर आहे. भेटव."

"काकू, घरातल्या माणसाला?" नामा अजून हसण्यावारी नेत होता. "बरं, भेटव. आजीचं झाड हाय ते, मला वळखतं. चल दत्त्या."

तो स्वतःच्या पायांनी वर गेला. हे मी विसरलेले नाही. झाडाजवळ जाऊन त्यानं स्वतः मिठी मारली, आणि दत्तूनं मनगटं बांधली तेव्हा म्हणाला, "जरा सैल बांध की भडव्या." बाया मागोमाग आल्या होत्या. मी दगडावर बसले, चंची उघडली, पान काढलं.

"दार वाजव," मी म्हणाले.

दत्तूनं कोयत्याच्या पाठीनं खोडावर तीन वेळा मारलं आणि मागं सरकला. आधी काहीच झालं नाही. मग ढोलीच्या तोंडातून मुंग्या बाहेर आल्या, एकीमागं एक नाही, ओतल्यासारख्या. नामाच्या हातांवरून खांद्यांवर, फाटक्या सदऱ्यातून आत, मानेवर, कानांत. बाया हसल्या. नामानंही दात काढले, एकदा खांदे उडवले.

मग त्याचं तोंड बदललं.

"काकू," तो म्हणाला. "काकू, ह्या डंख मारत्यात."

मी पानाला चुना लावत होते.

"काकू, सवाशीण हाय. आई शप्पथ. आगं बोडकी न्हवं ही." आणि मग तो ओरडला. असा ओरडला की खालच्या बागेतले कावळे उठले. त्यानं खोडावर गुडघे मारले, डोकं आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात आलं. जितकं आपटत होता तितक्या त्या जास्त बाहेर येत होत्या. मनगटं त्यानं अशी ओढली की दोरी मांसात गेली.

"बांधलेल्या प्रत्येक चोराला सवाशीणच दिसते," मी म्हणाले. मी भेटवलेले दोघंही हेच ओरडले होते. हे खरं आहे.

"आई, एकदा बघून तरी ये," दत्तू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

मी उठले. विडा तोंडात घातला आणि झाडाजवळ गेले. सगळे बघत होते. नामाचा गाल खोडाला दाबलेला होता, एक डोळा माझ्याकडे. "बघ," तो म्हणाला. "बघ काकू. तांबड्या हायत. बघ." त्याच्या ओठाची कड सुजून उलटी झाली होती. मी त्याच्या मानेजवळ तोंड नेलं. इतक्या जवळ की त्याच्या घामाचा आणि रक्ताचा वास आला. मी पाहिलं.

मग मागं वळले आणि म्हणाले, "बोडकीच आहे. विडा संपू दे."

मी दगडावर जाऊन बसले. नामा ओरडत राहिला, पण शब्द कमी होत गेले. आधी काकू म्हणत होता, मग आई म्हणायला लागला. मग नुसता घशातून आवाज, करवत चालल्यासारखा. धोतर ओलं झालं. बायांमधली एक जण उठून चालती झाली. दत्तू दोनदा पुढं आला, दोनदा मी हात वर केला. विडा थुंकायच्या आधीच झाड गप्प झालं.

"बघ," मी दत्तूला म्हणाले. "आता कसा ताळ्यावर आला."

मी थुंकले. दत्तूनं दोरी कापली. नामा खोडावरून सरळ खाली बसला आणि कुशीवर पडला. त्याचा चेहरा चेहरा राहिला नव्हता. डोळ्यांच्या फटी मिटल्या होत्या, जीभ बाहेर, मान आणि छाती एक झालेली. छाती वर येत होती, पण आत काही जात नव्हतं. दत्तूनं त्याच्या अंगावरच्या मुंग्या हातांनी झाडायला सुरुवात केली आणि स्वतःच किंचाळून हात झटकला.

बर्वे मास्तर ओढ्याकडून पळत आले. त्यांनी ओरडणं ऐकलं होतं. त्यांनी नामाला पाहिलं, मग खाली बसून चिमट्यानं त्याच्या कॉलरमधली एक मुंगी उचलली. नामाची सूज पाहिल्यावर त्यांना भिंगही लागलं नाही.

"आक्का," ते म्हणाले, "ही सवाशीण आहे."

मास्तरांच्या जीपमध्ये नामाला घातलं. दवाखाना नदीच्या पलीकडे. पुलावर पोचेपर्यंत त्याचा श्वास थांबला होता. मास्तरांनी तरी जीप दवाखान्यापर्यंत नेली आणि तशीच परत आणली.

संध्याकाळी फौजदार आला. अंगणात खाटेवर नामा, वर घोंगडं. दत्तू कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेला, त्याचा उजवा हात भोपळ्यासारखा सुजलेला. दोर त्यानं बांधला होता, दार त्यानं वाजवलं होतं. फौजदारानं त्याच्याकडेच पहिल्यांदा बोट केलं.

मास्तर मधे पडले. "साहेब, ह्या दोन मुंग्या इतक्या जवळच्या आहेत की मलासुद्धा भिंगाशिवाय धोका होतो. कामकरी मुंगी केवढी असते, बघा. कुणाचीही चूक होऊ शकते. यंदा वाळकं खोड बदलून सवाशीण तिथं आली असेल. अशी वस्ती बदलते." ते माझ्याकडे वळले. "आक्का, सांगा त्यांना. तुमची चूक झाली. वयानं नजर थोडी…"

"माझी नजर?" मी म्हणाले.

तेवढ्यात तुळसा खाटेजवळून उठली. ती तोवर रडली नव्हती. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली, इतक्या जवळ की तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. आम्ही एकाच वर्षी ह्या घरात सुना म्हणून आलो होतो. एका जात्यावर दळलं होतं.

"आक्का," ती म्हणाली, "मला एवढंच सांग. तुला दिसलं न्हवतं न्हवं? दिसलं नसंल तर नसंल. मी गिळून टाकीन. माझ्या लेकाचं नशीब म्हणीन. पर तुझ्या तोंडानं सांग. तुला दिसलं न्हवतं."

सगळा गाव कुंपणाला लागून उभा होता. दुपारी हसलेली ती बाईही होती.

"मला सगळं दिसतं," मी म्हणाले. "सवाशीण होती. मला ठाऊक होतं. दत्तूला ठाऊक नव्हतं. त्यानं माझं ऐकलं."

तुळसानं मला मारलं नाही. ती परत खाटेजवळ गेली आणि नामाच्या पायांशी बसली.

खटल्यात माझ्या वकिलानं फार खटपट केली. चूक म्हणा, तो म्हणायचा, नजरचूक म्हणा, वर्षा-दोन वर्षांत सुटाल, कदाचित आतच जाणार नाही. मी म्हटलं नाही. मग सरकारी वकिलानं बर्वे मास्तरांना विचारलं, ह्या बाईला त्या मुंग्या ओळखता येतात, हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे का? मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांना बशीची गोष्ट सांगावी लागली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. मला सात वर्षांची शिक्षा झाली. दत्तू सुटला.

गावानं ह्याची एक गोष्ट केली. आई असावी तर अशी, लेकाच्या मानेवरचा फास काढून स्वतःच्या मानेत घातला. नामाचं मरण लोक हळूहळू विसरले, माझा त्याग नाही विसरले. दत्तू आजही रोज सकाळी कामाला जायच्या आधी माझ्या पायावर डोकं ठेवतो. मी पाय मागं घेते. त्याला वाटतं, आई साधी आहे.

तुरुंगात तिसऱ्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिबिर भरवलं. रांगेत उभं केलं, डोळ्यात उजेड मारला. डॉक्टरीणबाई तरुण होती. "आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय," ती म्हणाली. "इतकी वर्षं कशी वावरलात? तुम्हाला माणसंसुद्धा सावल्यांसारखी दिसत असतील."

"दिसायची," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं, आणि तिला माझं नावही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसाआधीची पाच-सहा वर्षं मी पाखडायची, निवडायला सुनेला द्यायची. सुई सुनेकडून ओवून घ्यायची, मला वेळ नाही म्हणून. माणूस चालीवरून ओळखायची, आवाजावरून. फाल्गुनात झाडापाशी जायची, ढोलीजवळ डोळे नेऊन उभी राहायची, काळं काहीतरी हलताना दिसायचं आणि बोडकी आहे असं सांगून परत यायची. नामाच्या मानेवरही काळंच काहीतरी हलत होतं. ओरखडा, उलटा झालेला ओठ, मिटलेल्या फटी हे सगळं मी पुढं खटल्यात साक्षीदारांच्या तोंडून ऐकलं. आणि ती बशी? बशी मला पांढरी दिसली, बस. दोनच तर मुंग्या होत्या, एक ही आणि एक ती, हे मास्तरांनीच सांगितलं होतं. डावी म्हणाले, अर्धं देवावर टाकलं. देवानं माझी बाजू घेतली, नामा पायरीवर भाकरी खात होता त्या दिवशी.

ऑपरेशन झालं आणि पट्टी काढली तेव्हा समोर खिडकीचा कट्टा होता. त्यावरून एक मुंगी चालली होती, बारीक, काळी. तिचे पाय मला दिसले. पायांचे सांधे दिसले. ती बोडकी नव्हती आणि सवाशीणही नव्हती, कुठलीशी साधी गुळाची मुंगी होती. मी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, आणि मग डॉक्टरीणबाईंनी रागावून पट्टी पुन्हा बांधली, कारण डोळे ओले झालेले चालत नाहीत.

सुटून आले त्याच आठवड्यात मी बागेत वर गेले. म्हातारं झाड दत्तूनं कधीच जाळलं होतं. बांधाचा दगड मात्र होता. तो मी पाहिला, मग नामा ज्याखाली बिया गोळा करत होता ते बांधावरचं झाड पाहिलं. झाड दगडाच्या पलीकडे होतं, तुळसाच्या अंगाला. चांगलं चार हात पलीकडे.

खाली येऊन मी सरळ तिच्या ओसरीवर गेले. आज सांगायचं असं ठरवलं होतं. काय म्हणायचं तेही वाटेत जुळवलं होतं: तुळसा, तू विचारलं होतंस ते.

ती वाकळ शिवत बसली होती. मला दुरून तिचं कपाळ दिसलं. मोकळं होतं. दीर गेल्याचं मला तुरुंगात कुणी कळवलं नव्हतं. ती म्हातारी झाली होती, डोळ्यांवर पांढरी साय आलेली. सुई डोळ्यांपाशी धरून दोरा ओवायचा प्रयत्न करत होती, आणि दोरा दर वेळी बाजूनं जात होता.

मी पायरीवर बसले. नामा जिथं बसायचा ती आमच्या ओसरीची पायरी तिथनं दिसते. तुळसानं माझी चाल ओळखली असावी. तिनं मान वर केली नाही. मग तिनं हात पुढं केला आणि सुई-दोरा माझ्या तळहातावर ठेवला.

"ओवून दे," ती म्हणाली. "तुला दिसतं."

मी सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्या फटक्यात नेढ्यातून पार गेला. मी गाठ मारली आणि सुई तिच्या हातात दिली. ती बोटांनी दोरा चाचपत राहिली आणि मग वाकळीत टाका घातला.

मी तिथंच बसले होते. जुळवलेले शब्द तोंडात होते, विड्यासारखे. तिन्हीसांज झाली तशी मी ते गिळले आणि घरी आले.